पाटीवर ट्राउट, पाण्यात कतला

दर आधी सांगते, कारण मी या पैसे भरून मासे धरायच्या तलावावर जाते हे कळल्यापासून डेपोतले सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. एका गरीला दिवसाचे 300 रुपये, अर्ध्या दिवसाचे 200. सोबत येऊन नुसता पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून मोबाईल बघणाऱ्या माणसाचे 50. मासा घरी न्यायचा तर किलोला 220, कापून-धुऊन पाहिजे असेल तर वर 20. सहा किलोच्या वरचा कतला मात्र नेता येत नाही. फोटो काढायचा आणि पाण्यात सोडायचा. हे सगळं टिनाच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिलेलं आहे आणि तोंडी सांगतात तेही तेवढंच असतं. दारावर एक आणि हिशोबात दुसरं, असं मला तरी आढळलं नाही.

जागा साकोलीहून नवेगावबांधकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत आहे. फाट्यावर पाटी आहे, पण पाटीवर नाव नाही. एक बाण आणि एक मासा. अंगावर गुलाबी पट्टा, पाठीवर काळे ठिपके. हा मासा म्हणजे रेनबो ट्राउट, आणि तो अख्ख्या विदर्भात कुठल्याही तलावात नाही. मी मालकाला विचारलं तर म्हणाले, "ताई, मोबाईलवर मोठ्या माशाचा फोटो शोधला, हाच सगळ्यात देखणा दिसला." मी एसटीत कंडक्टर आहे. पाटी एका गावाची आणि गाडी दुसऱ्या गावाला, असं आमच्याकडे केलं तर लोक खाली उतरू देणार नाहीत. इथं मात्र पाटीवरून अजून कोणी भांडलेलं नाही, कारण पाण्यात जे आहे ते पाटीपेक्षा मोठं आहे.

ट्राउट इथं का नाही, ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पाटी बघून कोणी फसायला नको. तो थंड पाण्याचा मासा. दहा ते अठरा अंशांच्या आसपासचं पाणी त्याला मानवतं, पंचविशीच्या पुढे तो जगत नाही. आपल्याकडे मे महिन्यात हवाच पंचेचाळीसला जाते. मूळचा तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. इंग्रजांनी हौसेनं भारतात आणला आणि तो टिकला तो फक्त थंड डोंगरांत. काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार. डेपोतल्या बायकांची मनालीची सहल गेली होती तेव्हा मी तो खाल्ला. तिकडे पतलीकुहलला सरकारी ट्राउट फार्म आहे. चव चांगली, काटे कमी, पण रश्श्यात टाकायच्या लायकीचा नाही. हे माझं मत.

तरीपण त्या पाटीला मी अगदीच खोटी म्हणणार नाही, कारण तिकडच्या ट्राउटच्या तळ्यांवर जो प्रकार चालतो तोच इथं कतल्याचा चालतो. अमेरिकेत हॅचरीत, म्हणजे माशांची अंडी उबवायच्या केंद्रात, वाढवलेले ट्राउट टँकरनं आणून तलावात सोडतात आणि लोक परवाना काढून ते धरतात. त्यांतले जे खूप मोठे असतात, ते बरेचदा हॅचरीतले अंड्यासाठी ठेवलेले जुने नर-माद्या असतात. म्हातारे झाले की त्यांची रवानगी तलावात. आपला कतलाही असाच सोडलेला. वाहत्या नदीचं पुराचं पाणी मिळाल्याशिवाय तो अंडी घालत नाही, त्यामुळे बांधलेल्या तलावात त्याची सहसा पैदास होत नाही. 10 जुलै 1957 ला ओडिशात हिरालाल चौधरी या मत्स्यशास्त्रज्ञांनी इंजेक्शन देऊन कतल्याच्या कुळातल्या माशांकडून अंडी घालून घेतली आणि तेव्हापासून हॅचरीतलं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, मिळायला लागलं. 10 जुलैला मत्स्य शेतकरी दिवस असतो तो त्याच्यामुळेच. तेव्हा तलावातला कोणताही मोठा कतला बघितला की समजायचं, हा कधीतरी बोटाएवढा असताना कोणीतरी पिशवीतून आणून सोडलेला आहे.

इथले मोठे मासे कुठून येतात ते मी राखणीवरच्या काकाजींकडून काढून घेतलं, मालक सांगत नव्हते. काकाजींचा जन्म मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यांवर गेला. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून इथं राखणीवर आहेत. आपल्या भागातल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचं तुम्हाला माहीतच आहे. कोहळी लोकांनी बांधले, मालगुजारी गेली तेव्हा सरकारजमा झाले, आणि आता मासोळीसाठी सोसायट्यांच्या ताब्यात. उन्हाळी धानाला पाणी सुटलं की यांतले पुष्कळ तलाव मार्चपर्यंत तळाला लागतात. तेव्हा शेवटचं जाळं पडतं आणि तीन-चार पावसाळे जाळ्यातून निसटलेला एखादा धिप्पाड कतला वर येतो. बाजारात त्याला लहान माशाएवढाच भाव. मालक थोडा जास्त भाव देऊन तो जिवंत उचलतात. रात्रीच्या गारव्यात, पिकअपवर पाण्याची टाकी, टाकीत ऑक्सिजनच्या सिलेंडरची नळी. एप्रिल लागला की हे बंद, कारण उष्ण पाण्यात प्राणवायू कमी धरतो आणि मासा वाटेतच मरतो. "मेलेला कतला रुपये देते, जिता कतला गिऱ्हाईक देते," असं काकाजींचं म्हणणं.

यातूनच माझी पहिली तक्रार. नवीन मासे सोडले की मालक लगेच सगळ्यांना मोबाईलवर कळवतात, 'या रविवारी दहा किलोवाले सोडले आहेत'. आणि त्या रविवारी पार माणसांनी फुलून जाते. पण टाकीत हेलकावे खाऊन आलेला मासा त्या दिवशी खात नाही, दुसऱ्या दिवशी खात नाही, निदान आठवडाभर तरी तो कोपऱ्यात सुन्न पडून असतो. ट्राउटचं उलटं आहे. तो गोळ्यांवर वाढलेला असतो आणि सोडल्यावर बरेच दिवस सोडल्या जागेच्या आसपासच कळपानं फिरतो, म्हणून तिकडे टँकर आला की लोक धावतात. कतल्याच्या बाबतीत निरोप आला की तो रविवार सोडायचा आणि पुढच्या आठवड्यात जायचं. मालकांना हे कळत नाही असं नाही. त्यांच्या गर्दीचा प्रश्न आहे.

तलाव अडीच एकराचा असेल. वरच्या मामा तलावाच्या सांडव्याचं पाणी यात उतरतं, त्यामुळे पाण्याचा रंग शेवाळी हिरवा. हा रंग महत्त्वाचा. कतला मुळात खातो ते पाण्यातले डोळ्याला न दिसणारे जीव, गाळून. त्याचं तोंड वर वळलेलं असतं, खालचा ओठ पुढे, मिशा नाहीत. म्हणजे तळाशी नाक घासत चरणारा हा प्राणी नव्हे, तो मधल्या आणि वरच्या पाण्यात असतो. आणि आपले लोक काय करतात? शिसं लावून कणकेचा गोळा तळाच्या गाळात नेऊन बसवतात आणि दिवसभर मृगल आणि सायप्रिनस असे तळाला चरणारे मासे काढतात. वाईट नाही, पण त्यासाठी 300 रुपये कशाला द्यायचे, गावच्या तलावावर फुकट मिळतात.

माझा भाचा नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. ट्राउट धरायचे व्हिडिओ त्यानंच मला दाखवले. ते लोक तळाला शिसं सोडतात, शिशाला भोक असतं, दोरी त्यातून मोकळी सरकते. शिशाच्या पुढे हात-दीड हात दोरी आणि तिच्या टोकाला बारीक गळावर तरंगणाऱ्या पिठाची गोळी. शिसं तळाशी बसतं, गोळी वर उचलली जाते आणि माशाच्या डोळ्यांसमोर अधांतरी राहते. मासा गोळी घेऊन चालला तरी त्याला शिशाचं वजन जाणवत नाही. ही युक्ती कतल्याच्या वर वळलेल्या तोंडासाठीच निघाली आहे असं वाटावं इतकी लागू पडते. फक्त शिशापुढची दोरी मी दुप्पट ठेवते.

भाच्यानं ऑनलाइन मागवून ट्राउटच्या त्या तरंगणाऱ्या पिठाची डबीही दिली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नसेल, आपल्या उन्हाचा असेल. चिवड्याच्या लहान डबीएवढी डबी, किंमत नऊशेच्या घरात, रंग भडक हिरवा, आत चमकी. पारीवर अकरा वाजता उघडली तर पीठ बोटाला चिकटायला लागलं आणि गळावर दहा मिनिटंही धरेना. बारकी रोहू टोचून टोचून उरलंसुरलं घेऊन गेली. मोठ्या माशानं एकदाही तोंड लावलं नाही. त्याला बिचाऱ्याला ढेप, म्हणजे पेंड, आणि कोंडा माहीत, त्यानं चमकी कधी बघितली?

मी करते ते पीठ असं. दोन मुठी मुरमुरे कोरडेच भाजायचे आणि खलबत्त्यात अर्धवट कुटायचे, भुगा नको, कणी राहिली पाहिजे. त्यात एक मूठ कणीक, अर्धी मूठ शेंगदाण्याच्या ढेपेची पूड, हिंगाचा खडा उगाळून, आणि भिजवायला गुळाचं पाणी. घट्ट मळायचं. मग स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन, गळ लावलेली बोराएवढी गोळी त्यात सोडायची. गळासकट वर आली पाहिजे. बुडाली तर अजून मुरमुरे. वर येऊन कलंडली तर गळ एका बाजूला गेला आहे, पुन्हा लावायचा. वीसेक मिनिटांत मुरमुरा पाणी पितो आणि गोळी बसायला लागते, तेव्हा बदलायची. काही जण यासाठी थर्माकोलचा मणी लावतात. इथं थर्माकोल चालत नाही, कारण तुटलेले मणी पारीला लागून राहतात. हा नियम मला पटतो.

दुसरा नियम मोहाचा. मोहफुलाचा वास माशाला आवडतो म्हणून जुने लोक पिठात घालतात, पण इथं मोहाचं काहीही आत नेता येत नाही. आत जाताना काकाजी प्रत्येकाच्या डब्याचा वास घेतात, अगदी नाक लावून. कारण फूल वेगळं आणि ढेप वेगळी. मोहाची ढेप माशाला विष आहे. तलाव रिकामा करून नवीन बीज टाकायच्या आधी नको असलेले मासे मारायला तीच टाकतात. आणि गिऱ्हाईक ढेप कोणती ते न बघता घेऊन येतं. मागं एका साहेबाचा अख्खा डबा काकाजींनी पारीच्या पलीकडे उपडा केला. साहेब चिडले. काकाजी शांतपणे म्हणाले, "तुमाले दुसरं पीठ देतो जी, फुकट. पन हे पान्यात नाही जाणार."

तिसरा नियम, तीन आकड्यांचा गळ बंद. बरोबर आहे. तीन आकडी गळानं लोक मासा खात नसला तरी झटका मारून पोटात, शेपटीत अडकवतात. इथं एकच आकडा, आणि त्याचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केलेला. पकड टिनाच्या खोलीत दोरीला बांधून ठेवली आहे. काटा दाबला तर मासा सुटेल अशी भीती लोकांना वाटते. दोरी ढिली सोडली नाही तर सुटत नाही.

आता भाड्याच्या गरीबद्दल. 150 रुपये. घेऊ नका. सहा फुटी जाड फायबरची काठी, रीलचा दांडा खिळखिळा, आणि दोरी इतकी जुनी की रीळावरून उतरताना वळ्या तशाच राहतात. पण खरा घोळ ड्रॅगचा. ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की रीलनं घसरत घसरत थोडी दोरी सोडायची सोय. भाड्याच्या रीलांचे ड्रॅग गंजून बसले आहेत.

हे माझ्या शेजारीच झालं. नागपूरचं कुटुंब होतं. वडील, आई, दहा-बारा वर्षांची मुलगी. गरी मुलीच्या हातात. तिची बुडी, म्हणजे दोरीला लावलेली पाण्यावर तरंगणारी खूण, आधी नुसती थरथरली, मग आडवी झाली. कतला असंच करतो, गोळी ओढतो, थुंकतो, पुन्हा ओढतो. वडील ओरडले, "मार झटका!" मी म्हटलं, थांब बेटा, जाऊ दे त्याला. बुडी हळूच सरकत निघाली आणि मग गेली. पोरीनं काठी उचलली. मासा एकदम पळाला नाही. कतला पहिल्यांदा जागेवरच जड होतो, गरी दगडाला अडकली असं वाटतं. मग तो वळला आणि तलावाच्या मधल्या खोलीकडे चालायला लागला, घाई न करता, मालगाडी यार्डातून निघावी तसा. काठी वाकली, रील एक इंचही घसरलं नाही, आणि दोरी गाठीच्या वर तटकन तुटली. मुलगी काठीकडे बघत उभी राहिली. वडिलांनी पहिलं वाक्य काय बोलावं? "तू झटका नाही मारला." पोरीचा काही दोष नव्हता. माझी गरी मी तिला देऊ केली, तर आई म्हणाली, "राहू द्या ताई, आता ती रुसली." पण तिनं घेतली. दुपारी तिनं दोन किलोची रोहू काढली आणि वडिलांना हात लावू दिला नाही. रोहू तशी कतल्यापेक्षा जास्त नाचते.

मालकांना मी ड्रॅगचं बोलले. "पुढच्या महिन्यात नवे सेट आणतो ताई," म्हणाले. ते पुढचे महिने बरेच होऊन गेले.

स्वतःचं सामान न्यायचं तर फार खर्च नाही. दहा फुटी काठी, चार हजार नंबरचं रील, 0.35 मिलिमीटरची नायलॉन दोरी. अडीच हजारांच्या आत सगळं होतं. ट्राउटचे व्हिडिओ बघून लोक अगदी बारीक दोरी घेतात. ती तिकडे ठीक, पाणी काचेसारखं आणि मासा बुजरा. इथल्या हिरव्या पाण्यात जाड दोरी माशाला दिसत नाही. ड्रॅग लावायची माझी रीत म्हणजे दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली दोरीला बांधायची आणि काठीनं उचलायची. बाटली जेमतेम हलली आणि रील घसरलं की बरोबर. ती उचलली गेली तर ड्रॅग जास्त घट्ट आहे.

त्या बाटलीनं मी त्यांचा वजनकाटाही तपासला. मासा टांगायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. मी आपली दोन लिटरची बाटली टांगली. 2.04 दाखवलं, चाळीस ग्रॅम बाटलीचे धरले तर चोख. मालक बघत होते, हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. दिवसाचा हिशोब शेवटच्या रुपयापर्यंत जुळवायची सवय लागली की माणूस असाच होतो, त्याला माझा इलाज नाही.

वेळेचं सगळ्यात जास्त महत्त्वाचं, आणि इथं ट्राउटवाल्यांचा सल्ला पूर्ण उलटा पडतो. ते म्हणतात उजाडायच्या आत पाण्यावर पोहोचा. इथं उन्हाळ्यात तसं केलं तर तुम्हाला दिसेल की शेकडो मासे तोंडं वर करून पाण्याच्या कडेला भकभक करतायत. नवीन माणूस खूश होतो, किती मासे! ते खात नसतात, श्वास घेत असतात. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं आणि रात्री तेच शेवाळ तो वापरतं, त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी. ढगाळ दिवसाच्या दुसऱ्या पहाटे तर फारच. मालकांनी पाणी घुसळणारा पंखा बसवला आहे, रात्री दोनला सुरू करतात. लाईट गेली की काकाजी डिझेल इंजिन लावून पाणी उडवत बसतात. अशा सकाळी मासा नऊपर्यंत तरी गळाकडे बघत नाही. थंडीत वेगळं कारण, पाणी गार असलं की कतला सुस्त, दहा-साडेदहाला ऊन पाण्यात उतरलं की हलतो. माझ्या मते फाल्गुन-चैत्र सगळ्यात चांगला, आणि दुसरा हंगाम पावसाच्या उघडिपीत, भाद्रपद-आश्विनात. मे महिन्यात पैसे वाया घालवू नका.

आणि चाऱ्याची वेळ. भोकं पाडलेल्या पोत्यांत कोंडा आणि ढेप भरून ती बांबूला बांधून पाण्यात लटकावतात, सकाळी नऊला आणि दुपारी चारला. माशांना घड्याळ कळतं. साडेतीनलाच खोल पाण्याकडून पोत्यांकडे निघतात. पोत्यांजवळ गरी टाकायला मनाई आहे आणि ती असायलाच हवी, पण त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर टाकायला मनाई नाही. ती वाट काकाजींना माहीत आहे. जुन्या बाभळीचं खोड पाण्यात आहे, त्याच्या आणि सांडव्याच्या मधून. त्यांना चहा पाजलात तर दाखवतात, न पाजलात तरी दाखवतात, फक्त विचारायला हवं. लोक विचारत नाहीत. राखणदाराला काय विचारायचं, असं त्यांना वाटत असावं.

इथंच माझी दुसरी तक्रार, आणि ही मोठी. रविवारी मालक सकाळच्या चाऱ्याचा तमाशा करतात. दुप्पट पोती, वरून मुठीमुठीनं ढेप, मासे उसळतात, लोक व्हिडिओ काढतात. मग पोट भरलेला मासा चार वाजेपर्यंत गरीला तोंड लावत नाही आणि अर्ध्या दिवसाचे पैसे भरलेले लोक दीड वाजता हात हलवत परत जातात. मी त्यांना सांगितलं, तमाशा संध्याकाळी करा. ते म्हणाले, "सकाळी फोटो चांगले येतात." यावर काय बोलणार? तेव्हा रविवारी जायचंच असेल तर पूर्ण दिवसाचं तिकीट घ्या नाहीतर जाऊ नका. मला सुट्टी बुधवारची, त्यामुळे माझं भागतं. बुधवारी पारीवर चार माणसंही नसतात.

सहा किलोच्या वरचा मासा सोडायचा, यावर बऱ्याच लोकांचा राग आहे. पैसे भरले, मेहनत केली, आणि मासा त्यांचा? मी मालकांच्या बाजूची आहे. तसा मासा व्हायला तीन-चार वर्षं जातात आणि तो गेला तर मागे पाटीवरचा ट्राउटच उरेल. सोडायची पद्धतही ते नीट पाळतात. ओलं गोणपाट अंथरलेलं असतं, मासा त्याच्यावर, कोरड्या हातानं धरायचा नाही, गळफड्यात बोटं घालायची नाहीत, एक फोटो, मग काकाजी गुडघाभर पाण्यात उतरून दोन्ही हातांनी त्याला सरळ धरून उभे राहतात, तो स्वतः शेपटी मारेपर्यंत. माझा सगळ्यात मोठा साडेआठ किलोचा भरला. त्याच्या पाठीवर जाळ्याचा जुना व्रण होता. काकाजी म्हणाले, "हा मले ओळखते." चेष्टा करत होते की खरंच, ते मी विचारलं नाही.

जेवण काकूंच्या हातचं. चुलीवरचा भात आणि रस्सा, माणशी 120, मासा तुमचा. वाटणात भाजलेला कांदा आणि जवस. तिखट आहे, आधी सांगा. कतल्याचं डोकं पाहुण्याच्या ताटात येतं, त्यात खायला पुष्कळ असतं, घाबरू नका. शाकाहारी माणसाला वरण-भात आणि वांग्याची भाजी मिळते, तीही चांगली.

बायकांसाठी संडास आहे, दाराला आतून कडी आहे, पाणी बाहेरच्या हौदातून बादलीनं न्यावं लागतं. पारीवर सावली एकाच बाजूला, दोन मोठ्या आंब्यांची. ती जागा सकाळी आठच्या आत गेली तरच मिळते. एकट्या बाईनं जावं का, असं मला विचारतात. मी जाते. कोणी त्रास दिलेला नाही. एकदा एक जण 'ताई, तुम्ही खरंच गरी टाकता?' असं विचारून तीनदा फोटो काढायला आला, तेव्हा काकाजींनी त्याला पलीकडच्या पारीवर बसवलं.

गुण द्यायचे तर पाचातले साडेतीन. भाड्याचे सेट बदलले आणि रविवारचा तमाशा संध्याकाळी नेला तर मी साडेचार देईन.

मंगळवारी बंद असतं. बसनं येणार असाल तर फाट्यावर उतरून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, बायांना तिकीट अर्धंच आहे. दहा फुटी काठी दुमडणारी घ्या, नाहीतर ती गाडीत कुठं ठेवायची यावरून माझ्यासारख्याच कोणत्या तरी कंडक्टरशी वाद होईल. रोख पैसे न्या. टिनाच्या खोलीवर क्यूआर कोड चिकटवलेला आहे, पण तिथं रेंज येत नाही, ती यायला बाभळीपाशी जाऊन उभं राहावं लागतं.